कंसातला हशा

लुसाकाच्या सभागृहात एकवीस वर्षं
मी लघुलिपीत लोकांची तोंडं उतरवली.
त्यात नालिशेबो सितुंबेको
मोजून चौतीस पानं भरते.

पहिल्याच दिवशी ती उशिरा आली.
सभापतींनी कारण विचारलं तर म्हणाली,
बसचा टायर फुटला.
दुसरं कुणी ‘मतदारसंघातील कामकाज’ म्हणालं असतं.
तिच्या चपलांना वाळू होती, पुराच्या मैदानातली,
पिठासारखी पांढरी.
गालिचा झाडणारा कापेम्ब्वा आठवडाभर कुरकुरत होता.

त्याआधी ती सुईण.
दवाखान्याला छप्पर होतं, रस्ता नव्हता.
झांबेझी फुगली की तिकडची गावंच उठून चालू लागतात :
चुली, कोंबड्या, म्हातारे, दाराच्या चौकटीसुद्धा
होडीत घालून उंचवट्याकडे.
पोटातलं पोर मात्र
पूर ओसरायची वाट बघत नाही.

एकसष्ट मतांनी निवडून आली.
हरलेला म्हणाला, ही सगळी हिच्याच हातांत जन्मलेली माणसं,
हा प्रभाव टाकणं नाही तर काय?
कोर्टात टिकलं नाही.

मग ते भाषण. दुपारचं सत्र, पंखे चालू,
पुढच्या बाकावर दोघांचे डोळे मिटलेले.

“सभापती महोदय, मार्चची रात्र होती.
होडी मधोमध, मुयुंडा वल्हं मारतोय,
कंदील माझ्या दातांत,
आणि पोर माझ्या हातांत आलं. रडलं.
फॉर्मवर रकाना असतो : जन्मस्थळ.
ह्या काठाचं नाव लिहू की त्या काठाचं?
मी लिहिलं, पाणी.
जिल्ह्याने फॉर्म परत पाठवला.
पोरगा आता सातवीत आहे
आणि कागदावर अजून जन्मलेला नाही.
मी पूल मागते आहे, महोदय.
तोवर निदान रकाना तरी मोठा करा.”

मी लिहिलं : (हशा)

नियमच तसा.
कंस उघडायचा, एक शब्द ठेवायचा, कंस मिटायचा.
किती जण हसले, कशाला हसले,
ह्याला आमच्या लिपीत खूण नाही.

दहा वर्षं टिकली.
एक मोटरची होडी मिळवली,
जी डिझेलविना सात महिने झाडाला बांधून होती.
निम्मा पगार शवपेट्यांना गेला;
तिकडे खासदार म्हणजे मयताला लाकूड देणारा माणूस,
मग कायदे वगैरे.
घटनादुरुस्तीच्या रात्री पक्षात अळीमिळी गुपचिळी,
सगळे हात वर, तिचे दोन्ही मांडीवर.
पुढच्या वेळी तिकीट कापलं.
अपक्ष उभी राहिली, चिन्ह आलं बादली.
पुराच्या मुलखात बादली!
लोक पोट धरून हसले, आणि मतं दुसऱ्याला दिली.

पूल झाला म्हणतात, त्यानंतर सहा वर्षांनी.
पाटीवर कुणाचं नाव आहे
मला माहीत नाही.

निवृत्त झाल्यावर एकदा भेटली, बसअड्ड्यावर.
थकलेल्या रकमेसाठी खेपा घालत होती,
शेजारी गोणी, पायांत त्याच चपला
किंवा तशाच.
मी नाव सांगायच्या आधीच म्हणाली,
तू तो, लिहिणारा.
एक सांग, त्या दिवशी तू ‘हशा’ लिहिलंस,
कुणाकुणाचा, ते लिहिलंस का?

नावं लिहीत नाही आम्ही, मी म्हणालो.

“एक तुझा होता,” ती म्हणाली.
“तू मान खाली घालून हसतोस.
खांदे हलतात.”

मोंगूची गाडी लागली.
त्या पोराचं विचारायचं राहून गेलं.
गोणी उचलायला मी हात पुढे केला,
तर म्हणाली, राहू दे,
सुके मासे आहेत, वास लागेल.

लागला.